आठ फुटांची रेघ

मोजणीवाल्याला चहा मिळतो तो मोजणीच्या आधी. नंतर मिळालाच तर एकाच बाजूचा मिळतो, आणि तो दुसऱ्या बाजूच्या देखत प्यावा लागतो. सरकारी मोजणी खात्यात मी एकतीस वर्षं भूकरमापक होतो. त्यातली शेवटची चौदा मुळशी तालुक्यात गेली. भूकरमापक म्हणजे दोन शेतांमधली हद्द मोजून दाखवणारा माणूस. गावात तोंडावर 'मोजणीवाले सायेब' म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर मूळ गावी, सोलापूरकडे परत जायचं होतं, पण मुलगी हिंजवडीत नोकरीला, म्हणून जवळच्या नांदे गावात फ्लॅट घेतला. आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे तिथं पूर्वी भातखाचर होतं आणि ते मीच मोजलं होतं. आता तिथला वॉचमन मला स्कूटर पिवळ्या रेघेच्या आत लावायला सांगतो. मी लावतो. रेघेपुढे शहाणपण चालत नाही हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आमच्या मजल्यावर लातूरकडचा एक इंजिनिअर मुलगा राहतो. टीव्हीवर कुठल्या तरी दोन देशांच्या सरहद्दीवरची तणातणी बघून तो एकदा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, दोन देशांची बॉर्डर ठरते तरी कशी?" त्याला वाटलं असावं, हा म्हातारा हद्दीतला आहे, ह्याला माहीत असणार. मी म्हटलं, बांध ठरतो तशीच. आधी शब्द, मग रेघ, मग दगड. आधी करारात शब्द लिहितात, हद्द डोंगराच्या माथ्यानं जाईल, नदीच्या मधून जाईल. मग कुठल्या तरी बंद खोलीत ते शब्द नकाशावर रेघ म्हणून उतरवतात. आणि शेवटी माझ्यासारखा कुणी तरी उन्हातान्हात जाऊन त्या रेघेवर दगड नाहीतर खांब रोवतो. तिन्ही कामं करणारी माणसं निराळी असतात, आणि पुष्कळदा त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

भांडणं जन्माला येतात ती ह्या तिघांच्या मधल्या फटीत. करारात 'माथ्यानं' लिहायला काय जातं? आमच्या ताम्हिणीला उभं राहून बघा. एका अंगाचं पाणी कोकणात उतरतं, दुसऱ्या अंगाचं मुळा नदीला मिळतं, हे खरं. पण वर असे सपाट कातळाचे सडे आहेत की पाऊस पडल्यावर पाण्यालाच कळत नाही कुणीकडे जावं. तिथं माथा कुठला ते कोण सांगणार? नदीचं तर विचारूच नका. ती एका पुरात पात्र बदलते, आणि मग मधली जमीन ह्या काठाची का त्या काठाची ह्यावर देशच्या देश अडून बसतात. तो मुलगा म्हणाला, आता सॅटेलाइट आहे ना काका, सेंटिमीटरपर्यंत कळतं. सेंटिमीटरमुळेच माझ्या हातून जे झालं ते त्याला दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहितो आहे.

त्याआधी एक गंमत सांगतो, म्हणजे हद्द कशाला लागते ते कळेल. मुळशीतल्या दोन गावांच्या शिवेवर (गावं सांगत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जायचं असतं) वाऱ्यानं वडाचं झाड रस्त्यात आडवं झालं. दोन्ही गावांनी आपापल्या हद्दीतल्या फांद्या तोडल्या. मधलं खोड मात्र पंधरा दिवस पडून, कारण शीव नेमकी कुठून जाते ह्यावर एकमत होईना. शेवटी मला बोलावणं आलं. मी अख्खी दुपार मोजून खोडावर खडूनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंनी करवती लागल्या आणि मधे वीतभर रुंदीची चकती तशीच उभी ठेवली. माझी रेघ कुणी कापायला तयार होईना. त्या चकतीवर पुढं पोरं बसायची. अशा वेळी माणसाला आपण फार मोठे आहोत असं वाटू लागतं, आणि मलाही ते वाटलं होतं.

आता माले गावचं. पौडाच्या पश्चिमेला, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथं दोन भावांची खाचरं एकमेकांना लागून होती. थोरला सैन्यातून सुभेदार होऊन परतलेला, त्याला सगळं गाव सुभेदारच म्हणायचं. धाकटा रामभाऊ, जन्मभर भातात वाकलेला. दोघांच्या मधे एक जुना मातीचा बांध आणि बांधावर जांभळीचं झाड. दोघांच्या वर त्यांची एक बहीण, गजराआक्का. ती पौडाजवळ दिलेली. आईबाप गेल्यापासून आक्का भाऊबीजेला यायची, दोन्ही भावांना जांभळीखाली शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळायची आणि मग एक वेळ ह्या घरी, एक वेळ त्या घरी जेवून जायची. हे मला नंतर कळलं. मोजणीच्या अर्जात ह्यातलं काही लिहायची सोय नसते.

अर्ज सुभेदारानं केला होता, 'हद्द कायम करून मिळावी' म्हणून. भावाशी त्याचं भांडण नव्हतं. पण नांदे-चांद्याकडून जमिनी बघत बघत लोक पार माल्यापर्यंत येऊ लागले होते, आणि येईल तो सुभेदाराला विचारी, हद्द पक्की आहे का. हा प्रश्न त्या माणसाच्या जिव्हारी लागायचा. आयुष्यभर देशाची हद्द राखली आणि घरची पक्की नाही म्हणजे काय?

मोजणीच्या दिवशी चहा पिताना त्यानं मला त्याच्या नोकरीतली हकीकत सांगितली. पूर्वेकडे कुठं तरी त्याची चौकी होती. तिथं कुंपण नव्हतं, रानात लांब लांब अंतरावर नुसते नंबर घातलेले खांब. खांबाच्या एका अंगाला आपल्या देशाचं नाव, दुसऱ्या अंगाला त्यांच्या. वर्षातून एकदा दोन्हीकडची माणसं मिळून जायची, खांब जागेवर आहेत ना ते बघायची आणि आपापल्या बाजूला चुना मारायची. कुणाची म्हैस पलीकडे गेली तर पांढरं निशाण दाखवून मधे भेटायचे, चहा व्हायचा आणि म्हैस परत यायची. सांगताना सुभेदाराचा चेहरा खुलला होता. रामभाऊ तिथंच उकिडवा बसून ऐकत होता, आणि ती हकीकत त्याला पाठ असावी, कारण पांढऱ्या निशाणाच्या आधीच तो हसला.

शेताचे फुटाफुटाचे आकडे ज्यात असतात त्या जुन्या कच्च्या चित्राला आम्ही टिपण म्हणतो. ह्या दोन खाचरांचं टिपण दप्तरात वाळवीनं खाल्लं होतं. माझ्या हातात होता फक्त गावचा नकाशा, आणि त्याचं माप इतकं बारीक की एका इंचात दोनशे मीटर जमीन. आता गणित बघा. दौतीच्या शाईची साधी बारीक रेघ अशा नकाशावरून जमिनीवर उतरवली तर ती चांगली आठ फूट जाड होते. म्हणजे नकाशा सांगतो ते एवढंच, की हद्द ह्या आठ फुटांत कुठं तरी आहे. देशांचे नकाशे तर ह्याहून बारीक मापाचे. तिथली रेघ उतरवली तर तिच्या पोटात गाव मावेल.

मला शिकवणारे एक जुने साहेब होते. ते सांगायचे, "रेघ जाड असली की बांधाला विचारायचं." म्हणजे त्या आठ फुटांच्या आत कुठं वहिवाटीचा बांध असेल तर तोच खरा धरायचा, लिहून द्यायचं, आणि चहा पिऊन घरी जायचं. माल्याच्या त्या खाचरात बांध त्या आठ फुटांच्या अगदी कडेला होता, पण आतच होता.

मी बांधाला विचारलं नाही. त्या वर्षी आमच्याकडे नवं यंत्र आलं होतं, सेंटिमीटरपर्यंत आकडा दाखवणारं, आणि तालुक्यात ते चालवणारा मी एकटा. लोक यंत्राभोवती जमले होते. तरीही मी सुभेदाराला म्हणालो, बांध बरोबरच आहे म्हणा ना. तो ताठ उभा राहिला.

"सायेब, सरहद म्हंजी सरहद. बरोबर हाय म्हनू नका. बोट ठिवून दावा."

आणि मी बोट ठेवलं. शाईच्या रेघेचा बरोबर मध्य धरला, यंत्रानं तो जमिनीवर उतरवला, तो बांधापासून चार फूट रामभाऊच्या खाचरात आला. आठ फूट जाडीच्या रेघेवर मी सेंटिमीटरचा हिशेब केला. चिखलात सोनाराचा काटा लावण्यातला तो प्रकार. तिथं दगड रोवला. बांध, जांभूळ आणि चार फुटांचा पट्टा सुभेदाराकडे गेला.

रामभाऊनं आरडाओरडा केला नाही. जबाबावर सही करताना एवढंच म्हणाला, "ह्यो बांध आज्याच्या आदीपासनं हितंच हाय, सायेब. आज्याला मशीन न्हवती, येवढंच." मग तो भावाकडे न बघता गेला. सुभेदारानं मला घरी नेऊन पुन्हा चहा दिला. मी त्या दिवशी तो चवीनं प्यालो, हे कबूल करायला लाज वाटते.

सुभेदाराला खरं तर तो पट्टा नकोच होता. त्यानं तिथं कधी भात लावलं नाही, गवत माजू दिलं. पण दगड सरकवायचा म्हणजे सरहद सोडायची, ते त्याच्यानं होईना. आणि रामभाऊ भावाच्या बांधावर पाय ठेवीना. दोन घरांचं बोलणं बंद झालं. त्या वर्षी भाऊबीजेला आक्का आली तर दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या दारात जायला तयार नाही आणि जांभळीखाली यायला रामभाऊ तयार नाही. आक्का दोन पाट घेऊन सरळ माझ्या दगडापाशी गेली. एक पाट दगडाच्या अलीकडे ठेवला, एक पलीकडे. दोघांना हाक मारली. दोघे आले, आपापल्या बाजूला बसले, ओवाळून घेतलं आणि एक शब्द न बोलता उठून गेले.

हे मला आमच्या शिपायाकडून कळलं. तिसऱ्या वर्षी मी स्वतः पाहिलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी धरणाकडून परतताना गाडी थांबवली आणि रस्त्यावरूनच बघत उभा राहिलो. भावांच्या नजरेवरून आक्कानं मला ओळखलं. मी पाय काढता घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, "दगुड तुमी लावला न्हवं? मग तुमी बी बसा." मला दगडाच्या डोक्याशी बसवून तिनं ओवाळलं. करंजी दिली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच ती करंजी मी न खाता खिशात ठेवली.

त्या रात्री घरी मी पुन्हा नकाशा काढून बसलो. चूक मला दिसत होती, खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून दिसत होती. दुरुस्ती अवघड नव्हती. दोघांनी मिळून लिहून द्यायचं की जुना बांध हीच आमची हद्द, आणि मी वर शेरा मारायचा की नकाशाची रेघ जाड असल्यानं मधला भाग निश्चित सांगता येत नाही. पण तो शेरा म्हणजे माझी मोजणी कच्ची असल्याचा कागद. माझ्या यंत्राचं तालुक्यात नाव झालं होतं. लोक लांबून माझीच मोजणी मागायचे. एक असा शेरा मारला की शंभर जुन्या प्रकरणांचे अर्ज येतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती अगदीच खोटी नव्हती. पण त्या समजुतीच्या आधारावर मी चार वर्षं घालवली, हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

शेवटी निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा धीर करून गेलो. उन्हाळ्याचे दिवस होते. सुभेदार पडवीत बसला होता, चांगलाच थकलेला. मी नकाशा उलगडला, भिंग त्याच्या हातात दिलं आणि रेघेची जाडी दाखवली. आठ फूट म्हणजे किती ते पडवीत पावलं टाकून दाखवलं. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

"म्हंजी बांध बी बरोबर हुता?"

"होता."

"आनि रामू बी?"

मी मान डोलावली. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडायचा त्याला हक्क होता. तो म्हणाला, "तितं म्हैस गेली तरी निशाण दावून परत आनायचो आमी. हितं भाऊ गेला, तर मी सात वर्सं नुसता पहारा दिला." मी कागद तयार करून नेला होता, लगेच सही करा म्हणालो. त्यानं तो घेतला, घडी घालून उशीखाली ठेवला. भाऊबीजेला आक्काच्या समोर रामूच्या हातात देतो म्हणाला. सही अशी उगीच करायची नाही, दोन्हीकडची माणसं हजर पाहिजेत, ही त्याची फौजी रीत. मी आग्रह केला नाही. करायला हवा होता. त्याच दुपारी रामभाऊच्या दारात मी स्वतः जायला हवं होतं, दोन घरांमधे शंभर पावलंही नव्हती. पण मला रामभाऊसमोर उभं राहण्याची भीती वाटत होती.

सुभेदार श्रावणात गेला. झोपेतच गेला. कागदाचं काय झालं ते मी त्याच्या मुलांना विचारलं, त्यांना काही माहीत नव्हतं. रामभाऊ मयतीला आला होता. खांदा द्यायला पुढं झाला आणि पुतण्यांनी वाट करून दिली.

मग मी निवृत्त झालो. पुढं दोन्ही घरच्या मुलांनी जमिनी विकल्या, दोन्ही खाचरं पुण्याच्या एकाच माणसानं घेतली. आता मालक एकच म्हटल्यावर मधल्या हद्दीचं काम राहिलं नाही. ज्या रेघेपायी दोन भावांत अबोला आला ती कागदावरून एका अर्जात निघाली. जेसीबीनं बांध, जांभूळ, दगड सगळं एका दिवसात सपाट केलं आणि वर मुरूम टाकला.

गेल्या भाऊबीजेला सकाळी मला फोन आला. गजराआक्का बोलत होती, नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "सायेब, बांध न्हाई, दगुड न्हाई. मी आता पाट मांडू कुटं?"

संध्याकाळी मी जुनी डायरी आणि टेप घेऊन गेलो. यंत्र आता माझ्याकडे नव्हतं आणि असतं तरी नेलं नसतं. फाटकावरचा वॉचमन परप्रांतातला होता. आक्काच्या हातातलं ताट बघून म्हणाला, "अम्मा, पूजा है क्या? कर लो, आराम से." रामभाऊ आधीच येऊन उभा होता. विकलेल्या जमिनीत परक्यासारखा, चपला काढून.

दोन खुणा शाबूत होत्या, विहिरीचा कठडा आणि रस्त्याखालची मोरी. डायरीत दोन्हीपासूनची अंतरं होती. टेपचं एक टोक रामभाऊनं कठड्याला धरलं, मी दुसरं ओढत आलो. मग मोरीकडून. ज्या दगडानं त्याचं घर तोडलं तो शोधायला तो माणूस मला टेप धरून देत होता, आणि मापात चूक होऊ नये म्हणून टेप ताणूनही धरत होता. दोन मापं जिथं मिळाली तिथं मी उकिडवा बसलो. मुरूम दाबून टणक केलेला, खुंटी शिरेना, चुना आणला नव्हता. मी तिथं बोट टेकवून म्हटलं, "आक्का, इथं होता."

आक्कानं माझ्या बोटाच्या दोन्ही बाजूंना दोन पाट ठेवले. एक पूर्वेला, सुभेदाराचा. एक पश्चिमेला. निरांजन लावलं. धरणाच्या बाजूला बिजेची कोर दिसू लागली होती. ज्यांना भाऊ नाही त्या बायका तिलाच ओवाळतात. आक्का म्हणाली, "थोरल्याचं चांदाला ओवाळते, रामू, तू बस."

रामभाऊ बसला नाही. वाकून त्यानं स्वतःचा पाट उचलला, माझ्या बोटावरून पलीकडे नेला, भावाच्या रिकाम्या पाटाला चिकटवून ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसला. आक्कानं ताट दोन्ही पाटांवरून एकत्र ओवाळलं.

मी तसाच बसून होतो, बोट मुरमावर टेकलेलं. गुडघे दुखत होते, पण उठायचं सुचत नव्हतं. आक्कानं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आता उचला की बोट, सायेब."